अठरावी बेल

भिंतीवर कागद चिकटवून अनीश मागं वळतो न वळतो तोच बनुबाईंनी पर्समधलं पेन काढलं, टोपण दातांत धरलं आणि त्या कागदावरची एक ओळ आडवी खोडली. अशी खोडली की कागद टरकला.

ओळ साधी होती. 'सौ. बनुबाई कणसे : भक्तिगीत, संथ. खंजिरी.'

"खंजिरी?" बनुबाई म्हणाल्या. "आरं, दीड वर्सं ड्रम बडवतीया मी हितं. आन् सांगलीला जाऊन खंजिरी हलवू? देवळात बसलीया व्हय मी?"

क्लासमधली एक पोरगी फिसकन हसली. वल्लरीनं, म्हणजे कार्यक्रमात गाणी म्हणणाऱ्या मुलीनं, तिला कोपरानं ढोसलं. अनीश मात्र लालबुंद झाला. सत्तावीस वर्षांचा मुलगा, साताऱ्यातच वाढलेला, पुण्यात चार वर्षं ड्रम शिकून आलेला. राजवाड्याजवळ वह्या-पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत त्याचा क्लास, आणि आठवड्यातून दोन दिवस सांगलीलाही. दोन्ही क्लासचा मिळून वर्षातून एक कार्यक्रम सांगलीच्या नाट्यगृहात व्हायचा. त्याचीच ही यादी होती.

"मावशी, तुमच्या सोयीनंच दिलंय मी," तो म्हणाला.

"माजी सोय तुला कुणी इचारली?"

अनीश वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. उलट गाणी निवडण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्याच्याकडं तीन बॅचा. खालची, मधली, वरची. खालच्यांना गाणं द्यायचंच नसतं आणि वरचे स्वतःच गाणी घेऊन येतात. खरी कसोटी मधल्या बॅचची. मधला म्हणजे कोण, तर ज्याला ठेका येतो पण गाणं येत नाही. घरी उशी बडवत एकच ठेका तासभर वाजवील, पण गाणं लावलं की कडवं कधी संपलं याचा त्याला पत्ता नाही. अशाला सोपं गाणं दिलं तर तो पेंगतो आणि अवघड दिलं तर क्लासच सोडतो. म्हणून अनीश प्रत्येकाचे हातपाय बघून गाणं काढायचा. जो पळतो त्याला संथ, जो रेंगाळतो त्याला जलद, ज्याचा डावा हात आळशी त्याला डाव्या हाताचं.

बनुबाईंच्या बाबतीत मात्र त्यानं हातपाय बघितलेच नाहीत. त्यानं केस बघितले.

बनुबाई एकोणसाठ वर्षांच्या. सातारा डेपोत बावीस वर्षं कंडक्टर. बाई कंडक्टर म्हणून रुजू झाल्या तेव्हा पहिल्या दिवशी एक पैलवान गडी गाडीत म्हणाला होता, "तिकीट नंतर, आदी ही बाई फुडच्या स्टापापर्यंत टिकतीया का बघू." त्याला बनुबाईंनी पुढच्याच स्टॉपवर उतरवला होता. त्या काळात हातात तिकीट टोचायचा पंच असायचा. गर्दी सरली की बनुबाई दारापाशी उभ्या राहून तो पंच दांडीवर वाजवायच्या. टिक टिकटिक, टिक टिकटिक. घाटात इंजिन कण्हायला लागलं की त्या तालावर, उतारावर सुटलं की त्या तालावर. पुढं तिकिटाचं मशीन आलं, पंच जमा झाला, आणि हाताला वाजवायला काही उरलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ मिळाला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई अनीशच्या क्लासच्या पायऱ्या चढून गेल्या आणि म्हणाल्या, "मला ते सगळं एका जागी बसून वाजवायचं हाय."

सहा महिन्यांत त्या मधल्या बॅचला आल्या. ठेका असा पक्का की अनीशनं मोबाइलवर टिकटिक लावून तपासला, तर एका केसाचाही फरक नाही. आणि तिथंच गाडी अडली ती अडलीच.

व्हायचं असं. गाणं रंगात यायचं, कडवं संपायचं, कडव्याच्या शेवटी मोठ्या पितळी थाळीवर एक टोला पडायचा, ठण्ण! आणि बनुबाई थांबायच्या. काड्या वर, पाय पेडलवर, सगळं जागच्या जागी. गाणं बापडं पुढं निघून जायचं. आज एका गाण्यात, उद्या दुसऱ्या गाण्यात. का थांबतो हे बनुबाईंनाही कळत नव्हतं आणि त्याचाच त्यांना जास्त संताप यायचा.

"दम लागतो का, मावशी?" अनीश काळजीनं विचारायचा.

"दम तुज्या आजीला लागत आसंल!"

मग त्यानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की वयाप्रमाणं विसरायला होतं. भक्तिगीतात थाळी नसते, टोला नसतो. खंजिरीत तर थांबलं काय आणि न थांबलं काय, कळतंय कुणाला! अशी ती ओळ यादीत आली होती.

"हे बघा," अनीश फाटक्या कागदाकडं बघत म्हणाला, "कार्यक्रमाला सोळा दिवस आहेत. मधल्या बॅचचं कुठलंही गाणं घ्या. पुढच्या बुधवारनंतरच्या बुधवारी, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी, सगळ्यांसमोर न थांबता एकदा वाजवा. वाजवलंत तर स्टेजवर ड्रम तुमचा. थांबलात तर खंजिरी."

"आन् न्हाई थांबले, तर त्या गान्यात खंजिरी तू हलवायची. स्टेजवर. समद्यांम्होरं."

पोरांनी टाळ्या पिटल्या. अनीशला हो म्हणावं लागलं.

घरी आल्यावर नवऱ्याला, जोतीरामांना, सगळं सांगितलं. जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शांत माणूस, पण खोड काढायची संधी सोडायचा नाही.

"खंजिरी बरी की," ते म्हणाले. "हलकी आसती."

"तुमी गप बसा. लग्नात मंगलाष्टकं चालली की 'सावधान' म्हनताच टाचा जुळवून ताठ हुबं ऱ्हाता, समदं गाव हसतंय. तुमी मला शिकवू नगा."

ते खरंच होतं. फौज सोडून वीस वर्षं झाली, तरी तो शब्द कानावर पडला की जोतीरामांच्या टाचा आपोआप जुळायच्या.

दोन दिवस बनुबाईंनी अनीशची तीन गाणी वाजवून बघितली. तिन्हीत थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना मलकापूरला बहिणीकडं जायचं होतं. कऱ्हाड गाडीत खिडकीशी बसल्या. गाडीवर अंकिता नावाची तरणी कंडक्टर होती, बनुबाईंच्याच हाताखाली शिकलेली. बनुबाईंचा पाय गाडीच्या पत्र्यावर ठेका धरून चालला होता. नागठाणे आलं. अंकितानं दोरी ओढली. टिंग. गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. टिंग टिंग. गाडी निघाली.

अतीतला पुन्हा तेच. टिंग. आणि ह्या वेळी बनुबाईंनी खाली बघितलं. त्यांचा पाय थांबला होता. टिंग टिंग झालं आणि पाय आपला आपण सुरू झाला.

"आरं माज्या कर्मा!" बनुबाईंनी गुडघ्यावर असा हात मारला की शेजारची म्हातारी दचकली.

"काय झालं ओ, मावशी?" अंकिता धावत आली.

"कायबी न्हाई. सापडलं," बनुबाई म्हणाल्या, आणि उंब्रजपर्यंत एकट्याच हसत राहिल्या.

एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. बावीस वर्षं, दिवसाला शेकडो वेळा. थाळीवर एकटा टोला पडला की अंगाला वाटायचं, स्टॉप आला. म्हणजे वय नव्हतं, दम नव्हता, विसरही नव्हता. नवऱ्याच्या टाचा आणि बायकोचा पाय, दोन्हीचं दुखणं एकच निघालं.

दुसऱ्या दिवशी अनीशला हे सांगितलं तर तो आनंदानं उडालाच.

"मग प्रश्नच मिटला, मावशी! थाळी एकटी पडतच नाही अशी गाणी काढू. मी आत्ता देतो तुम्हाला." आणि खरंच त्यानं पाच मिनिटांत सहा गाण्यांची नवी यादी लिहून पुढं केली. चांगली गाणी होती. एकात थाळी जोडीनं पडायची, बाकीच्यांत नव्हतीच.

बनुबाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला.

"आनी काय रं? जलमभर थाळी चुकवत गानी हुडकत बसू? बावीस वर्सं ती बेल माज्या हातात हुती. मी दिली म्हून गाडी थांबायची. आन् आता तीच मला थांबवनार? न्हाई जमायचं. मला आसं गानं पायजे की ज्यात ती सारखी वाजतीया."

"अहो, पण दिवस किती राहिलेत?"

"दिस मोजायला मी खंबीर हाय. तू खंजिरीचा सराव कर."

त्या संध्याकाळपासून कणशांच्या घरात गाण्यांचा शोध सुरू झाला. जोतीराम मोबाइलवर गाणी लावायचे आणि एकटे टोले बोटांच्या पेरांवर मोजायचे. लग्नाच्या एका गाण्यात चार निघाले. "चार? चार म्हंजे नाष्टा बी न्हाई," बनुबाई म्हणाल्या. एका नाचाच्या गाण्यात आठ होते, पण जोडीजोडीनं. एका कोळीगीतात सहा. जोतीरामांचे कान किटले, पण माणूस उठला नाही.

शेवटी बनुबाईंना बिराप्पाची आठवण झाली. बिराप्पा त्यांच्या सातारा-सांगली गाडीचा अकरा वर्षं ड्रायव्हर. मूळचा जतकडचा, आता आष्ट्याला मुलाकडं राहायचा. त्याच्यापाशी एका गावठी ऑर्केस्ट्राची कॅसेट होती आणि ती तो स्वतःच्या छोट्या टेपवर लावायचा. त्यात जत्रेतल्या पाळण्याचं एक गाणं होतं. पाळणा वर गेला की थाळीवर एकच टोला पडायचा आणि अर्धी मात्रा सगळं अधांतरी, पोटात गोळा आल्यागत. मग पाळणा खाली येताना ठेका पुन्हा धरायचा.

"बिराप्पा, त्यात थाळी किती येळा हाय रं?" बनुबाईंनी फोनवर विचारलं.

"सतरा, अक्का," बिराप्पा एका क्षणात म्हणाला. "दुपारच्या फेरीला डोळा लागू नये म्हून मोजायचो की मी. का गं?"

"धाड ते गानं मला."

बिराप्पाच्या मुलानं ते मोबाइलवर पाठवलं. अनीशनं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "मावशी, हे वरच्या बॅचलाही मी देणार नाही. त्या अधांतरी जागेत चांगले चांगले पडतील."

"मंग ह्येच," बनुबाई म्हणाल्या.

गाणं सापडलं, पण पाय ऐकायला तयार नव्हता. पहिल्या दिवशी पहिल्याच टोल्याला थांबला. बनुबाईंनी त्याला चार शिव्या दिल्या आणि तो ज्या शाळेत बिघडला होता त्याच शाळेत परत नेला. निवृत्त माणसांचा पास होता. रोज सकाळी त्या कऱ्हाड गाडीत दारामागच्या सीटवर बसायच्या, कानात पाळण्याचं गाणं आणि पाय पत्र्यावर. बेल पडली, गाडी थांबली, तरी पाय थांबवायचा नाही, एवढंच काम.

"मावशी, बेल द्यायच्या आदी सांगू का तुमाला?" अंकितानं विचारलं.

"आजाबात न्हाई. आन् मी बगती का न्हाई तेबी बगू नगंस. दे आपली."

पहिले तीन दिवस पाय प्रत्येक स्टॉपला गाडीबरोबर उभा राहिला. चौथ्या दिवशी नागठाण्याला थबकला, पण अतीतला अडखळत का होईना चालला. सातव्या दिवशी उंब्रजला माणसांची ही गर्दी, एका बाईची पिशवी पायावर पडली, बेल पडली, तरी पाय चालूच. उतरताना अंकिता म्हणाली, "मावशी, लोक इचारतात, ह्या बाईला काय वात आलाय का?" बनुबाई म्हणाल्या, "व्हय म्हनून सांग."

ठरल्या बुधवारी क्लास गच्च भरला होता. वल्लरी गायला उभी, क्लासमधलीच मयूरी कीबोर्डवर, जोतीराम दारात बोटांवर टोले मोजत. बनुबाईंनी सतरा टोले वाजवले. नवव्याला काड्या जरा लटपटल्या, जोतीरामांनी डोळे मिटून घेतले, पण पाय हलत राहिला आणि पाठोपाठ काड्याही आल्या. गाणं संपलं तसं बनुबाईंनी खुंटीवरची खंजिरी काढली आणि अनीशच्या हातात ठेवली.

सांगलीला कार्यक्रम सकाळी अकराचा. नाट्यगृहात आईबापांची ही गर्दी. चौथ्या रांगेत जोतीराम आणि त्यांच्या शेजारी आष्ट्याहून आलेला बिराप्पा, पांढरा फेटा बांधून. बनुबाईंचं नाव पुकारलं तेव्हा मागं कुणीतरी पोरं कुजबुजली, "आज्जी वाजवणार?" बनुबाईंनी ऐकलं. पदर कमरेला खोचला, बसल्या आणि त्या पोरांच्या दिशेनं एकदा असं बघितलं की बिनतिकिटाचा माणूसही घाबरला असता. बाजूला अनीश खंजिरी घेऊन उभा होता आणि कार्यक्रमाचा मालक असूनही लपायला जागा शोधत होता.

पाळणा सुटला. पहिला टोला, दुसरा, तिसरा. पाय चालू. दुसरं कडवं संपलं तेव्हा अकरा टोले झाले होते आणि बनुबाई घामानं भिजल्या होत्या, पण मनातून घाटाच्या माथ्यावर पोचल्यासारख्या खूश होत्या. आणि तेवढ्यात वल्लरी चुकली. तिसरं कडवं सोडून तिनं एकदम चौथं धरलं. मयूरी कीबोर्डवर तिसऱ्यातच. वल्लरी सावरायला मागं आली तर मयूरी तिला गाठायला पुढं गेली. दोघींचं दोन गावांना. वल्लरीचा आवाज रडकुंडीला आला. समोर लोक चुळबुळायला लागले. अनीशनं खंजिरी खाली केली आणि बनुबाईंकडं बघून हात आडवा फिरवला. संपवा. बंद करा.

संपवा? सतरातले अकराच झाले होते. अजून सहा बाकी होते, आणि सोळा दिवस बनुबाई काय मध्येच उतरायला राबल्या होत्या? त्यांनी उजवी काडी उचलली आणि जिथं गाण्यात टोला नव्हताच तिथं थाळीवर एक सणसणीत टोला हाणला आणि डाव्या हातानं थाळी गच्च धरली.

ठण्!

सगळं थांबलं. वल्लरी, मयूरी, अनीश. चौथ्या रांगेत बिराप्पाचा उजवा पाय असा दाबला गेला की पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी वळून बघितलं.

बनुबाईंनी स्टेजवर पुढून मागं नजर फिरवली. कोण चढलं, कोण राहिलं, सगळं नीट बघितलं. घाई केली नाही.

"पोरी, कितवं कडवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिसरं," वल्लरीचे ओठ हलले. मयूरीनं मान डोलावली.

अनीशनं मुलांना शिकवलं होतं की गाणं सुरू करताना काड्या चार वेळा वाजवायच्या. बनुबाईंनी थाळीवर दोनच टोले दिले. ठण् ठण्. आणि पाळणा असा सुटला की बस! तिघी एका दमात तिसऱ्या कडव्यात शिरल्या. अनीश खंजिरी हलवायची विसरला होता, तो शुद्धीवर येऊन हलवायला लागला आणि मग मनापासून हलवायला लागला. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. उरलेले सहाच्या सहा टोले पडले आणि प्रत्येक टोल्यामागच्या अधांतरी जागेत बनुबाईंचा पाय न चुकता चालत राहिला. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा मघाची कुजबुजणारी पोरं उभी राहून शिट्ट्या मारत होती.

दुपारच्या साताऱ्याच्या गाडीनं सगळे परत निघाले. अंकिताची त्या दिवशी सांगली ड्युटी होती. बिराप्पाही आष्ट्यापर्यंत बरोबर आला. अनीश बनुबाईंच्या पुढच्या सीटवर बसला आणि वही घेऊन मागं वळला.

"मावशी, चुकलो मी. तुमचं वय बघितलं, हात बघितला नाही."

"चुकलासच," बनुबाई म्हणाल्या. त्यांना कुणाला उगीच सोडायची सवय नव्हती.

"पुढच्या मधल्या बॅचला गाणी काढायची आहेत. तुम्ही सांगा, कशी काढू?"

बनुबाई म्हणाल्या, "पोरगं कुटं थांबतंय ते आदी बग. वय बगू नगं, घर बगू नगं. जितं थांबतंय त्येच गानं त्येला दे. पर पयलं त्येला इचार, बाबा, का थांबतुयास?"

अनीशनं ते लिहून घेतलं.

आष्टा आलं. अंकितानं दोरी ओढली. टिंग. गाडी थांबली. बिराप्पा पिशवी घेऊन उठला, पण दाराकडं न जाता खाली बघत उभा राहिला. बनुबाईंचा पाय पत्र्यावर चालूच होता.

"अक्का," तो म्हणाला, "ती निघायची जोडबेल सोडून आज अठरा झाल्या. मी मोजल्या की. गान्यात सतराच हायत."

"सतरा गान्याच्या," बनुबाई म्हणाल्या. "एक माजी हुती."